अंबरनाथचा ठसा

अंबरनाथच्या शिवमंदिरात, उत्तरेच्या दाराच्या आत, तुळईवर एक छोटा लेख आहे. शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार. म्हणजे जुलै १०६०. उत्तर कोकणचा शिलाहार राजा मम्वाणी याच्या कारकिर्दीत हे मंदिर झालं, ते या लेखावरून कळतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा त्यांना नवाच्या जागी सात दिसला. शके ७८२, म्हणजे इ. स. ८६०. त्या काळात इथे दुसऱ्या कपर्दीचं राज्य होतं, कान्हेरीच्या लेण्यांतले लेखच तसं सांगतात. मग मम्वाणीला बसवायचं कुठे? पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेख पुन्हा वाचला, ९८२ हा आकडा लावला आणि २०० वर्षांचा घोळ मिटला.

भाऊ दाजींसारख्या साक्षेपी माणसाची नजर जिथे चुकते, तिथे दगडाची हुबेहूब प्रत किती मोलाची असते ते समजतं. अंधाऱ्या दारात मान वर करून वाचणं वेगळं आणि ठसा टेबलावर पसरून वाचणं वेगळं. ठसा घेण्याची रीत साधी आहे. दगड धुऊन घ्यायचा, ओला कागद चिकटवायचा आणि ब्रशने ठोकत तो अक्षरांच्या खोबणीत बसवायचा. कागद सुकत आला की वरून शाईची गादी फिरवायची. सपाट भाग काळा होतो, कोरलेली अक्षरं पांढरी राहतात. असा कागद दहा जणांसमोर ठेवता येतो. एकाचं वाचन दुसऱ्याला तपासता येतं. वा. वि. मिराशींनी १९७७ साली शिलाहारांचे लेख एकत्र छापले, तेव्हा वाचनासोबत ठशांची चित्रंही दिली ती याचसाठी.

लेखाची ही गोष्ट, तर शिल्पांची आणखी मोठी. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे टेरी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अंबरनाथला आले. कल्याणपलीकडच्या या रानात राहून त्यांनी रेखाचित्रं काढली, छायाचित्रं घेतली, कोरीवकामाचे साचे उतरवले. फोटोत न सापडणारी खोली साच्यात राहते. आज शिल्पांचे चेहरे पुसट झालेत, शिखर तर अपुरंच दिसतं. शेजारून वाहणाऱ्या वालधुनीला रसायनांचा वास येतो आणि महाशिवरात्रीला लाखो हात त्या दगडांवरून फिरतात. भक्तांना अडवावं असं मी मुळीच म्हणणार नाही. मंदिर जागतं आहे म्हणूनच ते टिकलं.

पण आपल्या पिढीने या मंदिराची कोणती प्रत केली? कळसाविना उभी त्याची आकृती फलकांवर आणि कमानींवर दिसते, ती शोभेपुरती. तिच्यावरून एकही अक्षर वाचता येत नाही. लेसरने दगडाचा कण न् कण मोजणारी यंत्रं आता आपल्याकडे आहेत. परिसराच्या सुशोभीकरणाला पैसा मिळतो, तर त्यातला पहिला रुपया या मोजणीला मिळावा, असं मला कळकळीने वाटतं. पुरातत्त्व खात्याने संपूर्ण मंदिराची अशी प्रत करावी आणि ती सर्वांना खुली ठेवावी. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. तुळईवरच्या लेखाचा ठसा, त्याचं वाचन आणि मराठी अर्थ या दोन्ही ठिकाणी भिंतीवर लावावा, शाळकरी मुलांच्या नजरेच्या उंचीवर.