कोच बदला, बाकी सगळं तसंच ठेवा!

स्पष्टच लिहितो. कोणाला लागलं तर लागू दे.

प्रो कबड्डीत यू मुम्बा किंवा पुणेरी पलटन सलग दोन मॅच हरली की आपल्या पनवेलच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो, "पहिला त्या कोचला हाकला!" लिहिणाऱ्यांतल्या निम्म्यांनी शेवटची चढाई शाळेत असताना केलेली असते. पण कोचला घरी पाठवायला सगळे तयार.

माझं म्हणणं असं की, या लीगमध्ये कोच ही सगळ्यात स्वस्तात बदलता येणारी वस्तू झाली आहे आणि त्याची किंमत शेवटी आपला खेळ मोजतोय. हवेत बोलत नाही, हिशेब मांडतो.

१ मार्च २०२४, हैदराबाद. पुणेरी पलटनने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. कोच बी. सी. रमेश. आपण सगळे नाचलो. पुढच्याच लिलावात त्या संघाच्या बचावाचा कणा, इराणचा मोहम्मदरझा शादलू, २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. भर हंगामात कप्तान अस्लम इनामदार, आपला नगर जिल्ह्यातला पोरगा, दुखापतीने बाहेर बसला. पलटनला पहिल्या सहांतही जागा मिळाली नाही. २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत, म्हणजे पुण्याच्या अंगणात, चषक उचलला तो शादलूच्या हरियाणाने. आता सांगा, दहा महिन्यांत रमेश कबड्डी विसरले का? पण पुढच्या हंगामात पलटनच्या बाकावर अजय ठाकूर होते.

"मग ठाकूरने फायनलला नेलंच की!" नेलं ना. दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी फक्त तीन गुणांनी हार झाली. ठाकूरांचं कौतुकच आहे. पण अस्लम बरा होऊन परत आला होता आणि संघाचा सांगाडा आधीच्या वर्षांत उभा राहिलेला होता, हेही सांगा. आता दुसरी बाजू बघा. रमेश गेले बंगळुरू बुल्सकडे. अकराव्या हंगामात २२ पैकी फक्त २ मॅच जिंकून तळाला गेलेला तो संघ त्यांनी बाराव्या हंगामात प्लेऑफमध्ये आणला. एका ठिकाणी संपलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी लगेच चालला. मग दोष माणसात होता की परिस्थितीत?

त्याच बुल्सचे रणधीरसिंग सेहरावत घ्या. २०१४ च्या पहिल्या हंगामापासून अकराव्यापर्यंत एकच कोच, सहाव्या हंगामाचं विजेतेपद नावावर. लीगमधली एवढी लांब खुर्ची दुसऱ्या कोणाची नाही. एक वाईट हंगाम आला आणि तीही गेली.

आता आपल्या मुंबईकडे या. यू मुम्बा, सहावा ते नववा हंगाम: मझंदरानी, बालियान, राजगुरू, छापराना. चार हंगाम, चार कोच. दहाव्या हंगामात परत कोण? तर मझंदरानीच! तमिळ थलैवाजने नवव्या हंगामात उदयकुमार यांना भर स्पर्धेत बाजूला केलं, अशन कुमारना आणलं. त्यांनी संघ पहिल्यांदा सेमीफायनलला नेला. पुढचा हंगाम खराब गेला, अशन कुमार बाहेर. आणि अकराव्या हंगामात मुख्य कोच कोण? उदयकुमार! ज्याला भर हंगामात काढलं तोच परत हवासा वाटला, तर तेव्हा नक्की काय बिघडलं होतं? याला नियोजन म्हणत नाहीत. ही संगीत खुर्ची आहे.

आता पैशाकडे या. दहाव्या हंगामात संघाची पर्स ५ कोटींची. तेलुगू टायटन्सने त्यातले २ कोटी ६० लाख ५० हजार एकट्या पवन सेहरावतवर लावले. पवन मोठाच खेळाडू, वाद नाही. पण निम्म्याहून जास्त पैसा एका चढाईपटूवर गेल्यावर कोपरे कोण सांभाळणार आणि मध्यरक्षक कुठून आणणार? टायटन्स २२ पैकी २ मॅच जिंकून शेवटचे आले. पुढच्या हंगामात फ्रँचायझी तीच, कोच मात्र नवीन. कोणी म्हणेल, लिलावाच्या टेबलावर कोचही बसलेला असतो. असतो. पण पर्स त्याची नसते, शेवटचा शब्द मालकाचा असतो. आणि हिशेब द्यायची वेळ आली की टेबलावर कोच एकटाच उरतो.

अजून एक गोष्ट. खेळाडूचा भाव टीव्हीवर सगळ्या देशासमोर ठरतो. कोचचा लिलाव होत नाही. त्याचा करार कितीचा, किती वर्षांचा, मधेच काढलं तर काय, यातलं काही लोकांसमोर येत नाही. टाइमआउटमध्ये तो पोरांवर ओरडतो ते मात्र माइक लावून घराघरात ऐकवतात. चाळीस मिनिटांची मॅच, तिसरी चढाई रिकामी जाऊन गडी बाद झाला तरी कॅमेरा कोचच्या तोंडावर. लोण बसला तरी कोचच्या तोंडावर. दबाव सगळा उघड्यावर, संरक्षण काहीच दिसत नाही.

कागदाची ताकद काय असते ते फुटबॉलमध्ये बघा. जून २०२४ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने इगोर स्टिमॅक यांना काढलं. करार २०२६ पर्यंतचा होता. स्टिमॅक भांडले आणि शेवटी महासंघाला ४ लाख डॉलर मोजावे लागले. स्टिमॅक चांगले की वाईट हा विषय वेगळा. मुद्दा असा की, काढायला पैसे पडतात तेव्हा काढणारा दहा वेळा विचार करतो.

तुम्ही म्हणाल, लीगच्या लोकांचं आपल्याला काय? सांगतो. वर जे चालतं तेच खाली झिरपतं.

कबड्डी या खेळात पोट नेहमी नोकरीवर चाललंय. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, महिंद्र. ज्याच्या पाठीशी पक्की नोकरी आहे तो रजा घेऊन एका हंगामाचा जुगार खेळू शकतो. हरला तर सोमवारी ड्युटीवर हजर. पण ज्याच्याकडे ती नाही त्याने काय करायचं? सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, ते पदकवाल्या खेळाडूला. पोरं घडवणाऱ्याला काय?

माझ्या ओळखीतला एक जण आहे, आपल्याच तालुक्यातला. पतियाळाला जाऊन एनआयएसचा डिप्लोमा करून आला. इथल्या एका शाळेने त्याला वर्षाला दहा महिन्यांच्या कंत्राटावर ठेवलं. मे-जूनमध्ये पगार नाही. दोन वर्षं पोरं जिल्ह्यापर्यंत गेली, तिसऱ्या वर्षी पहिल्याच फेरीत हरली. नवीन कंत्राट आलंच नाही, साधा फोनही नाही. आज तो उरण रोडला कंटेनर यार्डात नाईट मारतो. नाव लिहीत नाही, त्याला ते नकोय.

आणि आपल्या गावच्या स्पर्धा? उत्कृष्ट चढाईपटूला बाईक, उत्कृष्ट पकडीला फ्रीज, कोचला शाल-श्रीफळ. हरला तर तेही नाही, उलट पॅव्हेलियनमागे शिव्या.

कोच काय करू शकतो हे बघायचं असेल तर २४ ऑगस्ट २०१८, जकार्ता आठवा. आशियाई स्पर्धेची महिला फायनल, इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. इराणच्या बाकावर कोण? नाशिकच्या शैलजा जैन. परक्या देशात जाऊन, त्यांची भाषा शिकून, त्या पोरींना सोन्यापर्यंत नेणारी आपली मराठी बाई. आपण कोच तयार करू शकतो, यात शंका नाही. त्यांना टिकवत नाही, हे दुखणं आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

एक, लीगने नियमच करावा: मुख्य कोचचा करार कमीत कमी दोन हंगामांचा आणि मधेच काढलं तर उरलेला पूर्ण पगार. खेळाडूंच्या पर्सला नियम लावता येतो, तर याला का नाही?

दोन, लिलावात कोणाला घ्यायचं यात कोचचा अधिकार किती, हे करारात लिहा. ज्याचा निर्णय, त्याची जबाबदारी.

तीन, पनवेल महापालिका होऊन दहा वर्षं होत आली. क्रीडा महोत्सवाच्या बॅनरवर खर्च होतो, तसा गावागावांतल्या मैदानांवर बारा महिने पगारी कोच नेमायलाही करा. मानधन नको, पगार. आणि निकाल एका स्पर्धेवर लावू नका, तीन वर्षांत किती पोरं मैदानावर टिकली त्यावर लावा. विमानतळ आला, टॉवर आले, जी मैदानं उरलीत तिथे शिकवायला माणूस तरी ठेवा.

चौथी मागणी आपल्याकडेच. १५ जुलैला बुवा साळवींच्या फोटोला हार घालून कबड्डी दिन साजरा करायचा आणि रात्री ग्रुपवर "कोच हटाव" लिहायचं, हे बंद करा. टीका करा, जरूर करा. पण आधी विचारा, संघ कोणी निवडला, पैसा कुठे लावला, जखमी किती होते. मग नाव घ्या.

स्थानिक नेत्यांना आणि नगरसेवकांना टॅग करा. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, भांडू. फक्त आकडे घेऊन या.