न उडालेली बंदूक रिकामी नसते

भातशेती पिवळी पडू लागली की आमच्या तळकोकणात राखणीचे दिवस सुरू होतात. डुकरांनी एका रात्रीत वाफा लोळवला तर वर्षाची मेहनत मातीत जाते, म्हणून माणसे मांगरात जागतात आणि माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली येते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही शेतीच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. तेव्हा बंदूक असावी की नसावी, हा आजचा विषय नाही. चाप ओढला आणि बंदूक उडाली नाही तर पुढे काय करायचे, हा आहे.

वाचकहो, ही गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती, कारण तिच्यात माझाही हात आहे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. काका राखणीहून पहाटे परतले. रात्री चाप ओढल्यावर नुसती केप वाजली, बार निघालाच नव्हता. ‘दारू भिजली आसा, उद्या बघू,’ असे म्हणून त्यांनी बंदूक पडवीतल्या खुंटीला अडकवली. दुपारी ते बाजाराला गेले. माझ्या थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, बंदूक खाली घेतली. ‘केप वाजवून बघूया, आत काय नाय,’ तो म्हणाला. केपांची डबी कुठे असते ते मला ठाऊक होते. मीच ती आणून दिली. बंदुकीचा दस्ता जमिनीवर, डावा पंजा नळीच्या तोंडावर आणि उजव्या हाताने चाप. या वेळी भिजलेली दारू पेटली. दादाची दोन बोटे गेली आणि तिसरे कायमचे वाकडे राहिले. पुढे आयुष्यभर त्याने नांगर धरला, पण डाव्या हाताने सदऱ्याचे बटण त्याला कधी लावता आले नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र ती डबी विसरलेलो नाही.

डॉक्टर झाल्यावर बंदुकीने जखमी झालेले जे थोडे रुग्ण माझ्यासमोर आले, त्यांच्या नातेवाइकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असे : ‘डॉक्टर, बंदूक रिकामी होती हो!’ माझे मत असे, की हे वाक्यच खरा आजार आहे.

ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासलेले असतात. मागे केप असते. घोडा केपेवर आपटला की तिच्यातला स्फोटक कण फुटतो आणि ठिणगी बारीक छिद्रातून दारूपर्यंत जाते. छिद्रात काजळी साचली, केप नीट बसली नाही, घोड्याची कमान सैल झाली किंवा दारूने ओल धरली, की केप वाजते आणि बार राहतो. पण आत भरलेले सगळे आतच असते. कधी ठिणगी आत धुमसत राहते आणि बार काही क्षण उशिराने निघतो. ‘काय झाले’ म्हणून माणूस नळी स्वतःकडे वळवतो तो नेमका याच क्षणी.

दुसरी चूक याहून मोठी. अंधारात, गडबडीत बार निघाला नाही हे लक्षातच येत नाही आणि माणूस वरून दुसरा भार ठासतो. मग नळी फुटते आणि इजा धरणाऱ्यालाच होते. असे शिकलेल्या शिपायांकडूनही घडले आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गची लढाई झाली. तिथल्या रणांगणावर गोळा केलेल्या सुमारे २७ हजार बंदुकांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्याच निघाल्या आणि त्यांतल्या हजारो बंदुकांत एकावर एक दोन किंवा अधिक भार होते, असा हिशेब इतिहासात दिला जातो. कवायत केलेल्या सैनिकाची ही गत, तर झोपमोड झालेल्या शेतकऱ्याचे काय?

म्हणून बार निघाला नाही तर नळी जिथे रोखली होती तिथेच, बांधाकडे किंवा मातीच्या चढाकडे रोखून धरावी. निदान दोन मिनिटे हलू नये. घड्याळ नसेल तर सावकाश दीडशे अंक मोजावेत. नळीत डोकावू नये, फुंकर मारू नये, दस्ता जमिनीवर आपटू नये. त्यानंतर नळी तशीच ठेवून नवी केप लावावी आणि मातीच्या बांधातच बार काढावा. तरीही उडाली नाही तर पुन्हा तेवढेच थांबून केप काढावी आणि बंदूक माणसांपासून दूर ठेवावी. आतला भार जाणत्या कारागिराकडून, दारू पाण्याने पूर्ण भिजवल्यावरच काढून घ्यावा. सुकी दारू गजाने उकरणे म्हणजे मरण उकरणे. आणि काही झाले तरी भरलेली बंदूक घराच्या उंबऱ्याच्या आत आणू नये.

केपांविषयीही सांगतो. त्या दिसायला मुलांच्या टिकल्यांसारख्या, पण त्यांची जात वेगळी. खिशात चिल्लरीबरोबर सुट्या ठेवू नयेत. दुकानातून आलेल्या डबीतच, दारूपासून वेगळ्या, कुलपात ठेवाव्यात. न वाजलेली केप चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. मुले ती दगडाने ठेचून बघतात आणि उडालेला पत्र्याचा तुकडा डोळ्यात जातो. पाण्यात टाकली म्हणजे मेली, असेही समजू नये. वाळल्यावर ती पुन्हा फुटू शकते. अशा केपा परवानाधारक विक्रेत्याकडे द्याव्यात. काहीजण भरताना छर्रे तोंडात धरतात. ते शिसे आहे, शरीरात साचत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला तर फारच घातक ठरते. बंदूक भरल्यावर व साफ केल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

एवढे करूनही अपघात झालाच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. हळद, चुना, कॉफीची पूड काहीही भरू नये. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फाला लावू नये. डोळ्याला इजा झाली तर चोळू नये, दाबू नये, आत घुसलेले काही ओढू नये. वरून वाटीसारखे झाकण धरून रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नये.

आता माझे मागणे. परवान्यासाठी सुरक्षेच्या प्रशिक्षणाची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. पण परवाना असतो आजोबांच्या नावावर, आणि बंदुकीजवळ वावरतात घरातली सगळीच माणसे. ज्याच्या नावावर परवाना नाही त्याने बंदुकीला हात लावू नये, हे तर झालेच. पण ती भरलेली असू शकते, हे घरातल्या शेवटच्या पोरालाही कळले पाहिजे. निवडणुकीच्या काळात अनेकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. नेमक्या त्या वेळी कारागिराकडून नळी आणि घोडा तपासून घ्यावा, ग्रामपंचायतीने राखणीच्या हंगामाआधी एक संध्याकाळ याच विषयाला द्यावी. त्याला खर्च फार नाही.

तोवर निदान एक करा. तुमच्या खुंटीवरची बंदूक रिकामी आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर तिला भरलेलीच समजा. आणि केपांची डबी कुठे असते, हे घरातल्या बारा वर्षांच्या मुलाला ठाऊक असेल, तर आजच तिची जागा बदला.