हेडलाइट : आधी वायरिंग, मग बल्ब

जुन्या अमेरिकी मोटरहोमचे मंद हेडलाइट एलईडी बल्ब टाकताच सुधारतात, हे प्रतिपादन अपुरे आहे. अमेरिकेत १९४० पासून १९८३ पर्यंत सीलबंद हेडलाइटच सक्तीचे होते. काच, परावर्तक आणि फिलामेंट असे सगळे एकाच तुकड्यात असल्याने त्यात नुसता बल्ब बदलताच येत नाही.

मंद उजेडाचे मूळ बहुधा वायरिंगमध्ये असते. दिव्यांचा सगळा विद्युतप्रवाह डॅशबोर्डवरील स्विचमधून, लांब आणि बारीक तारांमधून येतो. त्यात अर्थिंग गंजलेले असते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, तर हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. दिवे चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग हेडलाइटमागच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला की व्होल्टेजमधली घट कळते. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल, तर बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि जाड तार टाकावी. मग स्विचवर फक्त रिलेचा भार राहतो.

त्यानंतर सात इंची गोल सीलबंद दिव्याच्या जागी ६०/५५ वॉटच्या एच-४ बल्बचा दिवा बसवता येतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब टाकल्यास प्रकाश विस्कटतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. एलईडीच हवा असेल, तर नियमांत बसणारा पूर्ण दिवाच बदलावा.

शेवटी पाण्याची टाकी आणि सामान भरून झोताची उंची जुळवावी. मागचा भाग दबला की झोत वर जातो. वायरिंग न तपासता केलेला बल्बचा खर्च वायाच जातो.