चरबीच्या कथेत हरवलेला कागद

१/ १८५७ चा विषय निघाला की एक चित्र हमखास उभे राहते : शिपाई काडतूस दातांनी तोडतो आणि त्याच्या ओठांना गाय-डुकराची चरबी लागते. या चित्रात काडतुसाचा कागद म्हणजे निव्वळ पुडी. घोळ इथूनच सुरू होतो. तो कागद पुडीपुरता नव्हता. गोळीबरोबर नळीत उतरणारा, नेमबाजीसाठी आवश्यक असा तो एक भाग होता.

२/ आधी यंत्र समजून घ्यावे. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात, म्हणून ती सरळ जाते. परंतु ओतीव शिसे मऊ असते. ते थेट खाचांवर घासले की नळीत शिशाचा थर बसतो आणि पुढच्या गोळ्या भरकटू लागतात.

३/ यावर एक उपाय म्हणजे कागद. गोळी किंचित बारीक ओतायची आणि तिच्याभोवती पातळ, चिवट कागदाचे दोन वेढे ओलसर असतानाच द्यायचे. कागदाची टोके तिरपी कापलेली, म्हणजे कडेवर कड चढत नाही. वाळताना कागद आवळून बसतो. शिसे नळीला शिवत नाही आणि तोंडातून बाहेर पडताच कागद फाटून गळतो. तो गोळीला चिकटून राहिला, तर नेम गेलाच.

४/ ही हौशी लोकांची क्लृप्ती नव्हे. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे अमेरिका आणि आयर्लंड यांचे संघ ८००, ९०० आणि १००० यार्डांवर भिडले. निकाल ९३४ विरुद्ध ९३१. दोन्ही संघांच्या गोळ्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीची ४८० ग्रेनची गोळीही तशीच होती.

५/ आता १८५३ ची एनफिल्ड पाहा. नळीचा व्यास ०.५७७ इंच. अमेरिकन बर्टन गोळीच्या अंगावर खाचा असत. वंगण त्यांत भरले जाई आणि कागद फेकून दिला जाई. एनफिल्डची प्रिचेट गोळी मात्र अंगाने गुळगुळीत. वंगण बसायला तिच्यावर जागाच नाही. म्हणून ते बाहेरच्या कागदाला लावावे लागे. चरबीचा प्रश्न जन्मला तो या रचनेतून.

६/ भरण्याची रीत अशी : दारूकडचे टोक तोडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करायचे, कागदासकट गोळी नळीच्या तोंडात बसवायची, उरलेला कागद मोडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली ठासायची. म्हणजे दाताखाली येणारे टोक आणि वंगणाचे टोक परस्परविरुद्ध दिशांना होते.

७/ इथे साम्राज्याच्या वकिलांना आनंद होतो : चरबी दातांना लागतच नव्हती, मग सारा अंधश्रद्धेचा खेळ! हा युक्तिवाद टिकत नाही. विटाळ जिभेपुरता नसतो. हाताचा स्पर्शही पुरतो. उष्ण हवेत चरबी वितळते आणि कागदात पसरते. मुख्य म्हणजे, कंत्राटदाराने आणलेली चरबी कोणत्या जनावराची असावी, याची अटच सरकारने घातली नव्हती. संशयाला आधार होता.

८/ फेब्रुवारी १८५७ मध्ये बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी थेट कागदावरच बोट ठेवले : हा कागद चकाकतो, पूर्वीच्या कागदासारखा नाही. रासायनिक तपासणीत त्यात चरबी सापडली नाही. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने विषय संपला. पण कागद बदलला आहे हे शिपायांचे निरीक्षण अचूक होते; अरुंद नळीसाठी खरोखरच निराळा कागद आला होता. ज्या सरकारने चरबीची चौकशी आधी केली नाही, त्याच्या प्रमाणपत्रावर विश्वास का ठेवावा?

९/ दुसऱ्या बाजूची लोकप्रिय कथाही तितकीच आळशी आहे. सगळ्या पलटणींना चरबीची काडतुसे वाटली गेली, असे ती सांगते. वस्तुतः नवी रायफल तेव्हा दमदम, अंबाला, सियालकोट येथील शिक्षणकेंद्रांपुरती होती. २४ एप्रिलला मेरठच्या ९० घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी नाकारली ती काडतुसे जुन्याच पद्धतीची होती. याने त्यांचा नकार लहान होत नाही. विश्वास किती खोलवर तुटला होता, ते यातून कळते.

१०/ मग पर्याय नव्हता काय? होता. जानेवारीअखेरीस शिपायांना स्वतःचे वंगण वापरण्याची मुभा मिळाली. पुढे काडतूस हाताने फाडण्याची रीतही आली. दोन्ही उपाय उशिरा आले आणि संशयाला दुजोरा मिळावा अशा रीतीने आले. कटू भाग असा की उठावानंतर लवकरच खुद्द ब्रिटिश सैन्य चरबी सोडून मधमाशांच्या मेणाकडे वळले. गोळी मेणावरही नेमकी चालत होती.

११/ म्हणून ‘अडाणी शिपाई’ आणि ‘चरबी चघळायला लावणारा गोरा’ ही दोन्ही चित्रे आता भिंतीवरून उतरवावीत. पहिले शिपायांची बुद्धी नाकारते. दुसरे त्यांच्या बंडाला एका किळसवाण्या घासापुरते करते. त्या माणसांनी हातातला कागद बारकाईने पाहिला आणि योग्य तो प्रश्न विचारला. इतिहास वाचणाऱ्याने किमान तेवढे तरी करावे.