बॅग भरो आंदोलन!

परदेशात जायचं ठरलं की माणूस सगळ्यात आधी काय करतो? पासपोर्ट शोधतो? साफ चूक! तो कपाट उघडून उभा राहतो आणि म्हणतो, "माझ्याकडे घालायला काहीच नाही!"

मीही तेच केलं. जून २०२५ मध्ये मिलानला तीन आठवड्यांचं समर स्कूल होतं, आणि ते संपल्यावर चार दिवस रोम बघून परत यायचं होतं. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा अख्ख्या मजल्यानं नाचून घेतलं. पण त्या पत्रात खाली एक ओळ होती: पहिल्या दिवशी आणि समारोपाला पोशाख ‘स्मार्ट कॅज्युअल’ असावा. झालं! व्हिसाची कागदपत्रं, विमा, तिकीट सगळं बाजूला राहिलं आणि आमच्या खोलीत या दोन शब्दांवर परिसंवाद सुरू झाला. एक म्हणाली ब्लेझर पाहिजेच. दुसरी म्हणाली मिलान म्हणजे फॅशनची पंढरी, तिथं आपले बाजारातले टॉप घातले तर लोक हसतील. तिसरी तर थेट म्हणाली, "कुर्ता वगैरे नेऊ नकोस हं, गावंढळ दिसशील."

मी सोलापूर जिल्ह्यातली. आईनं त्याच आठवड्यात दोन सुती कुर्ते शिवून पाठवले होते, सोबत एक मऊ सुती ओढणी आणि एक पंचा. मी ते हातात घेतले, वास घेतला आणि हॉस्टेलच्या कपाटात तळाशी ठेवून दिले. आईला फोनवर सांगितलं, "हो, भरले." हे वाक्य मला आजही टोचतं. हा लेख त्याच टोचणीतून लिहितेय, असं समजा.

मग खरेदी! ब्लेझर, टाचेचे बूट, दोन ‘पार्टी’ टॉप, बिनबाह्यांचे तीन टॉप, एक घट्ट जीन्स, एक त्याहून घट्ट जीन्स. सगळे मिळून अठरा हजार रुपये. बाबांनी तिकिटासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं, त्यातलेच हे पैसे. विमानतळावर बॅग भरली २२ किलो ४०० ग्रॅम. मर्यादा २३ ची. मी मनात म्हटलं, वा! काय परफेक्ट डिझाईन! सिव्हिलच्या विद्यार्थिनीला फॅक्टर ऑफ सेफ्टी आठवला नाही, याची नोंद परीक्षकांनी घ्यावी.

मिलानला पहिल्या दिवशी ब्लेझर घालून वर्गात गेले. बाहेर रणरणतं ऊन, हवेत आपल्या मुंबईसारखा दमटपणा. (मिलानला डास असतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!) घाम कपाळावरून वहीवर. आणि शिकवायला आलेले प्राध्यापक कसे? साधा पांढरा लिननचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, निळी पँट, जुने पण स्वच्छ पुसलेले बूट. संपलं. हे त्यांचं ‘स्मार्ट कॅज्युअल’! पुढचे तीन आठवडे मी ट्राममध्ये बसून लोकांचे कपडे बघत होते. इटालियन माणूस नीटनेटका असतो हे खरं, पण नीटनेटका म्हणजे महागडा किंवा झगमगीत नव्हे. दोन-तीन रंग, अंगाला बेताचं बसणारा कपडा, इस्त्री आणि स्वच्छ बूट. बस्स. आमच्या प्रयोगशाळेतले मामा कडक इस्त्रीचा खाकी शर्ट घालतात ना, ते मिलानमध्ये कुठेही शोभले असते. मी मात्र ब्लेझरमध्ये लग्नाच्या बँडवाल्यासारखी दिसत होते.

खरी परीक्षा रोममध्ये झाली. मिलानहून वेगवान रेल्वेनं तीन तासांत रोम येतं. स्टेशनपर्यंत सगळं गुळगुळीत. पुढे जुन्या शहरात शिरलं की रस्ते ‘सांपिएत्रिनी’चे. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे छोटे चौकोनी ठोकळे एकमेकांशेजारी ठोकून बसवलेले. ठोकळ्यांच्या मधे फटी असतात, त्यामुळे खालची जमीन थोडी हलली तरी रस्ता तडकत नाही, फक्त दगड थोडे वर-खाली होतात. अभियंता म्हणून बघितलं तर काय सुंदर कल्पना आहे! पण टाचेचे बूट घालून, २२ किलोची बॅग ओढत बघितलं तर? पाचशे मीटरमध्ये बॅगेचं एक चाक निखळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन्ही टाचांना फोड. तिसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणी कलोसियम बघायला गेल्या आणि मी खोलीत बादलीत पाय बुडवून बसले. जवळजवळ दोन हजार वर्षं उभी असलेली इमारत, जिच्यावर मी दुसऱ्या वर्षाला सेमिनार दिला होता, ती माझ्यापासून दोन किलोमीटरवर होती आणि मी नव्या बुटांमुळे तिथं जाऊ शकले नाही. त्या बुटांची किंमत तीन हजार दोनशे लिहिली होती. खरी किंमत ही!

चौथा दिवस सेंट पीटर्स बॅसिलिकाचा. २०२५ हे कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष, म्हणजे गर्दी आपल्या आषाढीची आठवण यावी अशी. पारा पस्तिशीच्या आसपास. मी बिनबाह्यांच्या टॉपमध्ये, पायात हॉस्टेलच्या साध्या चपला. रांगेत तास-दीड तास गेल्यावर दारातल्या माणसानं माझ्या खांद्यांकडे बोट दाखवलं. तिथं खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. हा नियम पुरुषांनाही लागू आहे, माझ्या पुढच्या बर्म्युडावाल्या मुलालाही बाजूला काढलं. परत बाहेर आले. फेरीवाल्याकडून पाच युरोंचा एक प्लॅस्टिकसारखा चमकणारा स्कार्फ घेतला. पाच युरो म्हणजे तेव्हाचे जवळजवळ पाचशे रुपये. तो खांद्यावर टाकला आणि आईची ओढणी आठवली. मऊ, सुती, वजन नाही की काही नाही. ती हजारो किलोमीटरवर माझ्या कपाटात तळाशी घडी घालून पडली होती. का? तर मी गावंढळ दिसेन म्हणून!

तेव्हापासून मी या विषयावर जरा विचार केला, आणि माझं मत असं झालंय: ‘स्टायलिश की आरामदायी?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. जो माणूस लंगडतोय, घामानं निथळतोय, दर दोन मिनिटांनी टॉप खाली ओढतोय, तो कितीही महागाचे कपडे घालो, चांगला दिसत नाही. आणि जो आपल्या कपड्यांचा विचार विसरून समोरचं बघत चाललाय, तो बरा दिसतो. माझ्या फोनमधले फोटो पुरावा आहेत. ब्लेझरमधल्या प्रत्येक फोटोत माझा चेहरा व्हायवाला उभी असल्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट न्यूनगंडाची. आपले कपडे ‘तिकडे’ चालणार नाहीत, असं आपण का धरून चालतो? इंग्रजीतला ‘पायजमा’ हा शब्द आपल्याकडून गेलेला. ‘डंगरी’ नावाच्या कपड्याचं मूळ ‘डोंगरी’ या जाड्याभरड्या सुती कापडात, आणि त्याचं नातं आपल्या मुंबईच्या डोंगरीशी जोडतात. युरोपला आरामात राहायला लागणारे कपडे आपण शिकवले आणि आता आपणच घाबरतोय! माझ्या वर्गात केरळची एक मुलगी होती. ती समारोपाला सुती कुर्ता, निळी जीन्स आणि कानात छोटे झुमके घालून आली. दोन इटालियन मुलींनी तिला कापडाबद्दल विचारलं. मला कुणी ब्लेझरबद्दल विचारलं नाही.

अर्थात, "आहे तेच घाला" एवढं म्हणून भागणार नाही. कुणी म्हणेल, "फोटो आयुष्यात एकदाच निघतात, थोडी हौस नको का?" हौस हवीच! मी काही संन्यास घ्यायला सांगत नाही. एक तुमचा आवडता, रंगीत, झकास कपडा जरूर न्या. बाकीचं मात्र हिशेबानं न्या. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी माझा हिशेब असा:

बूट सगळ्यात आधी. नवे घ्यायचेच असतील तर निदान तीन आठवडे आधी घ्या आणि कॉलेजला रोज तेच घालून या. रोमच्या दगडांवर जाड पण वाकणारा तळवा हवा. टाच फटीत अडकते. दुसरा जोड म्हणजे साध्या सँडल. दोनच, तिसरा नको.

कपडे: एक जीन्स, एक सैल सुती किंवा लिननची पँट, पाच टॉप किंवा शर्ट. पँटचे रंग असे निवडा की पाचांपैकी कुठलाही टॉप कुठल्याही पँटवर चालेल. पाच गुणिले दोन, दहा जोड्या झाले! एम-थ्री सुटलं नसेल त्यालाही जमेल. जीन्स एकच, कारण ती जड असते आणि धुतली की वाळता वाळत नाही. उन्हाळ्यात पॉलिएस्टर टाळा. ते लवकर वाळतं हे खरं, पण घाम शोषत नाही.

एक पातळ जॅकेट, पावसासाठी आणि एसीच्या रेल्वेसाठी. एक ओढणी किंवा शाल. ती चर्चमध्ये खांद्यावर, विमानात पांघरायला, बागेत बसायला, उन्हात डोक्यावर. मुलांनो, तुम्हीही एक पूर्ण लांबीची पँट रोजच्या पिशवीत ठेवा. टर्किशचा जाड टॉवेल नको, पंचा न्या! तो तासाभरात वाळतो. (सोलापूरकरीण आहे, आमच्या टॉवेलची निंदा करताना जीव तुटतो, पण सत्य ते सत्य.)

आणि धुणं! इथं हॉस्टेलवाले राजे आहेत. बादलीत साबण घालून रात्री दोन कपडे खळबळायचे, खिडकी ते कपाट दोरी बांधायची, सकाळी घालायचे. ही विद्या आपल्याकडे चार वर्षं फुकट मिळते. ज्याला धुता येतं त्याला सात दिवसांसाठी सात जोड लागत नाहीत. परत आल्यावर मी बॅगेतलं खरंच वापरलेलं सामान वेगळं काढून मेसच्या काट्यावर ठेवलं. नऊ किलो! म्हणजे तेरा किलो ओझं मी फक्त ‘लोक काय म्हणतील’ म्हणून वाहिलं.

रोममध्ये एक गोष्ट मात्र मी बघितली, लंगडत का होईना. पॅन्थिऑन. इसवी सन १२६ च्या सुमाराचा काँक्रीटचा घुमट, व्यास ४३.३ मीटर, आत लोखंडाची एक सळई नाही. तो कसा टिकला? बांधणाऱ्यांनी वर जाताना भिंतीची जाडी कमी केली आणि काँक्रीटमध्ये हलका, सच्छिद्र दगड घातला. टोकाला तर बांधलंच नाही, सरळ भोक ठेवलं! मी खाली उभी राहून वर बघत होते आणि माझ्या शेजारी तीन चाकांची, तट्ट फुगलेली बॅग उभी होती. काय आणायचं यापेक्षा काय सोडायचं हे त्यांना कळलं होतं.

शेवटी एक सूचना, रेक्टर मॅडम आणि सरांनी कृपया वाचावी. आमच्या मजल्यावर एक काळं जॅकेट आहे. ते मूळ कुणाचं हे आता कुणालाच आठवत नाही. ते एकदा मनालीला जाऊन आलं, एकदा जर्मनीला. माझ्याबरोबर इटलीलाही आलं आणि सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडलं. असंच एक कपाट हॉस्टेलमध्ये का असू नये? दोन पावसाळी जॅकेट, परदेशी प्लगचे अडॅप्टर, बॅगेचा वजनकाटा, एक बरी ट्रॉली बॅग, आणि हो, एक ब्लेझर. तो मी देते, फक्त एकदाच वापरलाय! जो जाईल त्यानं नोंद करून न्यावं, धुऊन परत ठेवावं. दर वर्षी चार-पाच जण स्पर्धा, इंटर्नशिप, पेपर वाचनासाठी बाहेर जातात. प्रत्येकाच्या घरून दहा-पंधरा हजार वाचले तर ते पैसे कुठल्या तरी पतसंस्थेचे हप्तेच असतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आईला सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "मग आता तरी घाल की." हा लेख लिहिताना अंगात त्यातलाच एक कुर्ता आहे. निळा. सबमिशनच्या धावपळीत फार बरा पडतो.

बघा, पटतंय का!