उंबऱ्यावरची तपासणी

माझी धाकटी मावशी पिरनवाडीस राहते. कोल्हापुराहून तिच्याकडे जायचे म्हणजे कोगनोळीचा नाका ओलांडावा लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात जाणाऱ्यांस कोरोना नसल्याचा दाखला सक्तीचा झाला. मी वेळेवर नमुनाच दिला नाही आणि मावशीकडचे लग्नकार्य चुकवून बसलो. चूक माझीच. पण तेव्हापासून सीमाभागातल्या माणसाला तपासणी म्हणजे नाक्यावरचा परवाना वाटू लागली, याचे मात्र मला वाईट वाटते.

साथीचा माग काढणारी तपासणी निराळी असते. तिच्यात ठणठणीत माणसालाही रांगेत उभे करावे लागते. सप्टेंबर २०२० मध्ये कर्नाटकात अशी पाहणी झाली. गरोदर स्त्रिया, बसचे वाहक, बाजारातले विक्रेते, वृद्ध मंडळी अशा सोळा हजारांवर लोकांचे नमुने घेतले. काहींना तेव्हा लागण झालेली होती, तर काहींच्या रक्तात ती होऊन गेल्याची खूण होती. हिशेब मांडला तेव्हा शंभरात सुमारे २७ जणांना विषाणूने गाठले होते असे दिसले. सरकारदरबारी नोंदलेल्या एका रुग्णामागे न नोंदलेले सुमारे ४०! इस्पितळाच्या दारात उभे राहून साथ मोजणारा किती फसतो, हे या एका आकड्यावरून कळावे.

तरीही लोक दार लावून घेतात, आणि त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर थेट घरात शिरले. त्या धास्तीच्या कथा आपल्यापैकी पुष्कळांनी आजीच्या तोंडून ऐकल्या असतील. ते राज्य गेले. पण दारावर आलेला माणूस काही तरी घेऊन जातो, देत मात्र काही नाही, हा समज अजून गेलेला नाही.

माझे म्हणणे एवढेच, की ज्याचा नमुना घेतला त्याला निकाल कळवावा, आणि गावाचा आकडा गावाच्या चावडीवर, गावाला वाचता येईल अशा भाषेत लावावा. पाहणीतून जिल्ह्याचा अंदाज निघतो, पण जिल्हा दार उघडत नाही, घर उघडते.

मागे मावशीला विचारले, "तपासणीला परत आले तर देशील नमुना?"

"नाकात काडी घालून गेले की एकदा," ती म्हणाली. "मग काय निघालं ते सांगायला कोण आलं नाही बघ."