यंत्रमानवाचे डोळे आणि आपला हिशेब

कुंडलच्या शेजारी किर्लोस्करवाडी वसली ती १९१० साली. तत्पूर्वी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावीनात. त्या नांगराची पारख अखेर शेतातच झाली. हा धडा आज पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे कारखान्यांत व गोदामांत येऊ लागलेले, आपली वाट आपणच शोधीत माल वाहणारे फिरते यंत्रमानव.

अशा यंत्राचे मर्म दोन गोष्टींत आहे: भोवताल जाणणारे संवेदक आणि त्यावरून निर्णय घेणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर. संवेदकांत सर्वगुणसंपन्न असा एकही नाही. लेसर किरण परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा लायडर अंधारातही काम करतो, परंतु काचेपुढे फसतो. कॅमेरा स्वस्त व बारकावे टिपणारा. पण उजेड गेला की निरुपयोगी. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या संवेदकास काच जाणवते, मात्र वस्तूचा आकार नीट कळत नाही. केवळ चाकांचे फेरे मोजावेत, तर तेलकट फरशीवर चाक घसरते आणि चूक साचत जाते.

म्हणून जो महाग तोच उत्तम, हा हिशेब चुकीचा ठरतो. अमेरिकेतील किवा कंपनीची गोदामांतील यंत्रे फरशीवर चिकटविलेल्या खुणा कॅमेऱ्याने वाचीत वाट काढीत. फरशी सपाट आणि माणसांची वर्दळ नाही, तेथे तेवढे पुरेसे होते. आपल्या कारखान्यांत मात्र त्याच वाटेने कामगारही ये-जा करतात. तेथे माणूस आड येताच चाके थांबविणारा सुरक्षा-संवेदक स्वतंत्रच असला पाहिजे. त्यात केलेली काटकसर म्हणजे कामगाराच्या हातापायांवर लावलेला जुगार होय.

याच किवाची पुढील कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानी घ्यावी. २०१२ साली ॲमेझॉनने ती कंपनी साडेसत्याहत्तर कोटी डॉलरना विकत घेतली आणि पुढे ही यंत्रे इतरांना मिळणे बंद झाले. ज्यांनी आपला व्यवहार त्या एकाच पुरवठादारावर उभारला होता, त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. बंदिस्त आज्ञावलीची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते. दुरुस्तीसाठी वा बदलासाठी दरवेळी परक्या दारी जावे लागते, तेव्हा ती चुकती करावी लागते.

यास पर्याय नाही असे नाही. २००७ पासून विकसित होत आलेली ‘रॉस’ ही खुली आज्ञावली कोणालाही विनामूल्य वापरता व बदलता येते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमाने अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्रमानवांच्या प्रयोगशाळा उभ्या करण्यास साहाय्य केले. विनामूल्य सॉफ्टवेअरही फुकट पडत नाही, हे खरे. ते चालविणारा जाणकार लागतो व त्याला पगार द्यावा लागतो. परंतु तो पैसा ज्ञानाच्या रूपाने येथेच उरतो.

तेव्हा सांगली-साताऱ्याच्या उद्योजकाने कर्ज काढण्यापूर्वी यंत्र आपल्याच फरशीवर, आपल्याच धुळीत चालवून पाहावे. ते बिघडल्यास येथे कोण दुरुस्त करणार, हे आधी विचारावे. आणि ज्या कामगारांचे आजचे काम ते यंत्र हिरावणार, त्यांनाच ते सांभाळण्याचे शिक्षण प्रथम द्यावे. एवढे झाले, तरच या खरेदीचा लाभ आपल्या भागास मिळेल.